बिनव्याजी बँकेबाहेरची रांग

१० फेब्रुवारी २००१ रोजी तुर्कस्तानच्या बँक नियामकानं इहलास फायनान्स या संस्थेचा परवाना रद्द केला. देशातल्या बिनव्याजी वित्तसंस्थांमध्ये ही सगळ्यात मोठी. दोन लाखांहून अधिक खातेदार आणि पाठीशी स्वतःचं वर्तमानपत्र, टीव्ही वाहिनी, बांधकाम कंपन्या असलेला उद्योगसमूह. इथे पैसे ठेवणारे बरेचसे लोक व्याजाला हात लावायचा नाही म्हणून आलेले. त्यांच्या खात्याचं अधिकृत नाव ‘नफा-तोटा सहभाग खातं’ असं होतं. पंधरा-सोळा वर्षं अशा खात्यांवर फक्त नफाच जमा होत आला होता, त्यामुळे नावातला दुसरा शब्द कुणी फारसा मनावर घेतलेला नव्हता.

त्याच्या दोनच महिने आधी, ६ डिसेंबर २००० ला, देमिरबँक नावाची एक मोठी नेहमीची बँक सरकारी ठेव विमा निधीनं ताब्यात घेतली होती. या बँकेनं सरकारी रोख्यांचा डोंगर रचला होता आणि तोही रात्रीपुरत्या उसनवारीवर. नोव्हेंबरमध्ये उसनवारीचे दर भडकले आणि डोंगर अंगावर आला. इहलासकडे व्याजाचे सरकारी रोखे घ्यायची सोयच नव्हती, कारण तत्त्वच आड येत होतं. म्हणजे एक बँक रोख्यांपायी बुडाली आणि दुसरी रोख्यांना न शिवताही बुडाली. ठेवीदारांच्या दृष्टीनं मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. देमिरबँकेतल्या ठेवींमागे सरकार उभं होतं. इहलासच्या ठेवीदारामागे कुणीच नव्हतं.

हा फरक कुठून आला हे पाहायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं.

२४ जानेवारी १९८० ला तुर्कस्ताननं अर्थव्यवस्थेची दारं उघडायला सुरुवात केली. त्यामागचा मेंदू होता तुर्गुत ओझाल यांचा. भारतात ज्याला पुढे ‘खाउजा’ म्हटलं गेलं, तोच मार्ग तुर्कांनी अकरा वर्षं आधी धरला. व्याजदर मोकळे करायचे, परकीय चलनावरची बंधनं सैल करायची, नव्या बँकांना येऊ द्यायचं. १९८३ च्या डिसेंबरात ओझाल पंतप्रधान झाले आणि सरकार येऊन आठवडाही झाला नव्हता तोच एक वटहुकूम निघाला. त्यानं ‘विशेष वित्तसंस्था’ नावाचा एक नवाच प्रकार जन्माला घातला. कट्टर निधर्मी राज्यघटनेच्या देशात ‘इस्लामी बँक’ असं म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून ‘विशेष’. आखातातला तेलाचा पैसा देशात यावा आणि धार्मिक कारणानं बँकेची पायरी न चढणाऱ्या अनातोलियातल्या माणसाची उशाखालची बचत बाहेर यावी, असा हा दुहेरी हिशेब होता. अल्बरका तुर्क आणि फैसल फायनान्स या सौदी भांडवलाच्या संस्था आधी आल्या, १९८९ मध्ये कुवेत तुर्क आली. मग देशी उद्योगसमूह उतरले. इहलास फायनान्स १९९५ ची.

तेव्हा उदारीकरणानं इस्लामी बँकेला धोक्यात घातलं, असं सरळ म्हणता येत नाही. तिला जन्मच उदारीकरणानं दिला. प्रश्न जन्मानंतरच्या संगोपनाचा होता.

इस्लामी बँक नेमकं करते काय? समजा बुर्सातल्या एका कापड कारखानदाराला माग घ्यायचा आहे. साधी बँक त्याला पैसे देईल आणि व्याज घेईल. इस्लामी बँक तो माग स्वतः विकत घेते, म्हणजे कागदोपत्री काही वेळ तरी मागाची मालक होते, आणि आपला नफा चढवून कारखानदाराला हप्त्यांवर विकते. शंभराचा माल एकशे तीसला, दोन वर्षांच्या हप्त्यांत. याला मुराबहा म्हणतात. किंमत एकदा ठरली की ठरली. हप्ता उशिरा आला म्हणून ती वाढवता येत नाही, बाजारातले दर चढले म्हणूनही नाही. ठेवीदाराच्या बाजूला वेगळा करार असतो. त्याचे पैसे एका सामाईक कुंडात जातात आणि कुंडातून मिळालेला नफा ठरलेल्या प्रमाणात, साधारण ८० टक्के ठेवीदाराला आणि २० टक्के संस्थेला, असा वाटला जातो. तोटा झाला तर तो ठेवीदाराच्या माथी.

कागदावर ही रचना देखणी आहे. साध्या बँकेची कर्जं बुडाली तरी ठेवीदाराला दिलेला शब्द पाळावाच लागतो, आणि त्या ओढाताणीतच बँक मोडते. इस्लामी बँकेत कर्जं बुडाली तर ठेवीचं मूल्यच तेवढं उतरतं. बँक धक्का स्वतः झेलत नाही, पुढे ढकलते. इस्लामी बँका मुळातच अधिक स्थिर असतात असं म्हणणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद एवढ्यावर उभा आहे.

व्यवहारात हा युक्तिवाद स्पर्धेपाशी येऊन अडखळतो. व्याजदर सरकार ठरवत होतं तोवर कोण किती देतं याची चुरस नव्हती. दर मोकळे झाले आणि समोरच्या गल्लीतली बँक मुदत ठेवीचा चढता दर काचेवर लावू लागली. नव्वदच्या दशकात तुर्कस्तानात महागाई बहुतेक वर्षं साठ टक्क्यांच्या वर होती, १९९४ मध्ये तर तिनं शंभरी ओलांडली. अशा बाजारात श्रद्धावान माणूसही शेजारी काय कमावतो याकडे डोळे लावून असतो. दर चढले की साधी बँक कर्जाचा दर दुसऱ्या दिवशी चढवते. इस्लामी बँकेचे जुने हप्ते मात्र जुन्याच किमतीत येत राहतात आणि तिच्या कुंडातला नफा मागे रेंगाळतो. ठेवीदार जाऊ नये म्हणून मग बँक स्वतःच्या वाट्यातून, राखीव गंगाजळीतून भर घालते. असं करत करत ‘नफा-तोटा सहभाग’ म्हणता म्हणता ती ठरीव परतावा देणारी बँक होऊन बसते. नाव एक, वागणं दुसरं. तोटा पुढे ढकलायची जी सोय तिच्या स्थैर्याचं मूळ मानली जाते, ती तिनं आपल्या हातानं बंद केलेली असते.

एवढ्यानंच बँक बुडते असं नाही. पण अंगातली चरबी झडते आणि मग साधा तापही भोवतो.

इहलासचा ताप साधा नव्हता. संस्थेचा पैसा मोठ्या प्रमाणावर समूहातल्याच कंपन्यांकडे गेला असल्याचा नियामकाचा आक्षेप होता. ठेवीदार पैसे मागायला आले तेव्हा तो पैसा बांधकामांत आणि घरच्याच धंद्यांत रुतलेला होता. महाराष्ट्रात सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या दारातल्या रांगा पाहिलेल्या वाचकाला हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही. आपला पैसा आपल्याच माणसाला, हे सूत्र व्याज घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही संस्थांना सारखंच बुडवतं. फरक एवढाच की तुर्कस्तानात या विशेष संस्थांवर पहारा ठेवणारा कायदा फार उशिरा आला. १९९९ च्या अखेरीपर्यंत त्या मुख्य बँक कायद्याच्या बाहेर, वटहुकुमाच्या छत्राखाली होत्या. स्वतंत्र नियामक प्रत्यक्ष कामाला लागला तो ऑगस्ट २००० मध्ये. म्हणजे दार उघडलं १९८३ ला आणि दारावर रखवालदार बसला सतरा वर्षांनी.

उरलेली कमतरताही तेवढीच महत्त्वाची. अडचणीच्या वेळी साधी बँक तीन ठिकाणी धाव घेते. हाताशी असलेले सरकारी रोखे विकते, दुसऱ्या बँकेकडून रात्रीपुरतं उसनं घेते, नाहीच जमलं तर मध्यवर्ती बँकेची खिडकी ठोठावते. या तिन्ही वाटा व्याजाच्या गावातून जातात. विशेष वित्तसंस्थांना त्या बंद होत्या आणि पर्यायी बिनव्याजी वाट कुणी बांधलेली नव्हती. १९९४ च्या संकटानंतर सरकारनं साध्या बँकांच्या ठेवींना पूर्ण हमी दिली, त्यातूनही या संस्था वगळल्या गेल्या. तर्कशुद्ध बोलायचं तर वगळणं बरोबरच होतं. ज्यानं तोट्यात भागीदारी लिहून दिली त्याला हमी कसली? पण एका रस्त्यावर हमी असलेली बँक आणि हमी नसलेली बँक शेजारी-शेजारी असली की संकटाच्या दिवशी माणूस तर्क करत बसत नाही, पैसे उचलतो आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहतो.

तेच झालं. इहलासचा परवाना गेल्यावर रांगा उरलेल्या पाच संस्थांसमोर लागल्या. त्यांचे व्यवहार चोख होते की नाही हे पाहायला कुणाला सवड नव्हती. त्यात १९ फेब्रुवारीला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष सेझर यांनी पंतप्रधान एजेवित यांच्या दिशेनं राज्यघटनेची प्रत भिरकावली आणि एजेवितांनी बाहेर येऊन हे गंभीर संकट असल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांत रात्रीच्या उसनवारीचा दर काही हजार टक्क्यांवर गेला. २२ तारखेला लिरा बाजाराच्या हवाली करावा लागला. गंमत अशी की रात्रीच्या उसनवारीचा हा वणवा विशेष संस्थांना थेट भाजू शकला नाही, कारण त्या बाजारात या संस्था नव्हत्याच. त्यांच्या अंगाशी आली ती त्यानंतरची मंदी. माग घेणारे, यंत्रं घेणारे, दुकानदार हे त्यांचे गिऱ्हाईक, आणि त्या वर्षी तुर्की अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून अधिक आक्रसली.

तरीही पाचही संस्था तग धरून राहिल्या. काहींचे मालक बदलले, पुढे दोघींचं विलीनीकरणही झालं. तुर्कस्ताननं त्याच वर्षी या संस्थांसाठी वेगळा हमी निधी उभा करायला लावला आणि २००५ च्या बँक कायद्यानं त्यांना ‘सहभाग बँका’ असं नवं नाव देऊन सरकारी ठेव विम्याच्या छत्राखाली घेतलं. इहलासच्या ठेवीदारांचे पैसे हप्त्याहप्त्यानं, वर्षानुवर्षं परत येत राहिले. नफा-तोट्यातल्या भागीदाराला शेवटी विमा द्यावा लागला, ही तडजोड शुद्ध तत्त्ववाद्यांना आजही टोचते. ठेवीदारांना ती टोचल्याचं ऐकिवात नाही.

मलेशियाची गोष्ट याच्या अगदी उलट क्रमानं घडली. तिथेही पहिली इस्लामी बँक, बँक इस्लाम, १९८३ चीच. पण तिच्या मागे आधीपासून एक मोठी सवय होती. हज यात्रेसाठी गावोगावचे लोक थोडे थोडे पैसे साठवत असत, त्यासाठी साठच्या दशकातच ‘तबुंग हाजी’ ही संस्था उभी राहिली होती. सरकारनं बँकेच्या कायद्याबरोबरच १९८३ मध्ये बिनव्याजी सरकारी गुंतवणूक पत्रांचा कायदाही केला. पोहायला शिकवायच्या आधी काठाला दोर बांधावा, तसं. दहा वर्षं ही बँक एकटीच होती. १९९३ मध्ये साध्या बँकांना इस्लामी खिडक्या उघडायला परवानगी मिळाली आणि लगेच जानेवारी १९९४ पासून इस्लामी बँकांची आपसातली उसनवारीची पेठ सुरू झाली. परदेशी इस्लामी बँकांना दार उघडलं ते २००४ च्या सुमारास. कुवेत फायनान्स हाउस आणि अल राजही तेव्हा आल्या.

या उसनवारीचा एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. क्वालालंपूरच्या शेअर बाजारानं २००९ मध्ये ‘सूक अल-सिला’ नावाची वस्तुपेठ सुरू केली. तिथे मुख्य माल असतो कच्चं पाम तेल. एका बँकेकडे आज जादा पैसे आहेत, दुसरीला हवे आहेत. पहिली बँक दलालाकडून रोखीनं पाम तेल घेते आणि दुसरीला तेच तेल थोड्या चढ्या भावानं उधारीवर विकते. दुसरी ते तत्काळ दुसऱ्या दलालाला रोखीनं विकून टाकते. काही मिनिटांत दुसरीच्या हाती रोकड आली, पहिलीचं पुढच्या तारखेचं येणं झालं आणि तेल टाकीत होतं तिथेच राहिलं. अनेक शरियत पंडितांना हा खेळ पसंत नाही. आखातातल्या काही जाणकारांनी तर याला पळवाटच म्हटलं आहे. पण बँकेच्या स्थैर्याच्या बाजूनं बघितलं, तर इहलासकडे संकटाच्या दिवशी नेमकं हेच नव्हतं.

मलेशियातही बँका आजारी पडल्या. १९९७-९८ च्या आशियाई संकटात व्याजदर चढले तेव्हा वीस-पंचवीस वर्षांच्या ठरीव किमतीवर दिलेली इस्लामी घरकर्जं बँकांच्या गळ्यात अडकली. पुढे २००३ मध्ये बदलत्या दराच्या करारांची वाट काढावी लागली. बँक इस्लामला तर २००६ च्या आर्थिक वर्षात बुडीत कर्जांपायी एक अब्ज रिंगिटहून अधिक तोटा झाला. देशातली पहिली इस्लामी बँक, इभ्रतीचा प्रश्न. तबुंग हाजी आणि दुबईच्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीनं भांडवल घातलं, व्यवस्थापन बदललं, बँक उभी राहिली. ठेवींना २००५ पासून सरकारी विमा होता. दारात रांग लागली नाही.

यापुढचा मलेशियन प्रयोग या सगळ्या वादावर जास्त उजेड पाडतो. २०१३ च्या कायद्याद्वारे तिथल्या सरकारनं ग्राहकाला स्पष्टच विचारलं: तुम्हाला ठेव हवी की गुंतवणूक? ठेव घेतलीत तर मुद्दल सुरक्षित आणि विमाही. गुंतवणूक घेतलीत तर नफ्यातला मोठा वाटा, पण तोटा तुमचा आणि विमा नाही. संक्रमणाची मुदत २०१५ च्या मध्याला संपली तोवर नफा-तोट्यावर चालणाऱ्या जुन्या खात्यांतला बहुतेक पैसा सुरक्षित ठेवींकडे सरकला होता, आणि त्या ठेवी पुन्हा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बेतलेल्या. इस्लामी बँकेच्या ग्राहकाला व्याज नको असतं, पण तोटाही नको असतो. हे एकदा मान्य केलं की तिच्या स्थैर्याबद्दलच्या अर्ध्या भाबड्या समजुती गळून पडतात.

अभ्यासकांचे आकडेही याच दिशेला बोट दाखवतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम करताना मार्टिन चिहाक आणि हाइको हेस यांनी २००८ मध्ये इस्लामी आणि साध्या बँकांची तुलना केली. छोट्या इस्लामी बँका छोट्या साध्या बँकांपेक्षा भक्कम निघाल्या. मोठ्या बँकांच्या बाबतीत उलटं, तिथे साध्या बँका सरस. छोटी बँक गिऱ्हाईक ओळखते, त्याचा माग आणि दुकान पाहून येते. मोठी झाली की शेकडो प्रकारचे करार, प्रत्येकाची वेगळी जोखीम, आणि तिच्यावर नजर ठेवणं अवघड होतं. २००८ च्या जागतिक संकटाच्या पहिल्या वर्षी इस्लामी बँकांचा नफा साध्या बँकांपेक्षा कमी घसरला, कारण अमेरिकी गृहकर्जांच्या विषारी रोख्यांत त्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षी संकट कारखाने, घरं आणि जमिनींपर्यंत पोचलं आणि त्यांना जास्त झळ लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहानं कर्जफेडीला मुदत मागितली तेव्हा पाम वृक्षाच्या आकाराची बेटं समुद्रात उभारणाऱ्या त्याच्याच नखील कंपनीच्या इस्लामी रोख्यांची फेड अवघ्या तीन आठवड्यांवर आली होती. अबुधाबीनं दहा अब्ज डॉलर दिले म्हणून ते रोखे फेडले गेले.

आणि उदारीकरणाबद्दल? जागतिक बँकेच्या अस्ली देमिरगुच-कुंत आणि नाणेनिधीच्या एन्रिका देत्राजाश यांनी १९८० ते १९९५ या काळातले ५३ देश तपासले होते. वित्तीय उदारीकरणानंतर बँक संकटाची शक्यता वाढते, पण जिथे कायदा, नियामक आणि न्यायव्यवस्था धड आहेत तिथे हा परिणाम खूप कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष. हा अभ्यास त्यांनी १९९८ मध्ये मांडला, देमिरगुच-कुंत स्वतः तुर्की आणि तीनच वर्षांनी इहलास बुडाली.

मग दारच उघडू नये का? इजिप्तनं याचं उत्तर वेगळ्या रीतीनं दिलं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मीत गम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये जर्मनीतल्या बचत बँका पाहून बिनव्याजी बचत बँक काढली, तिला आधुनिक इस्लामी बँकिंगचा आरंभ मानतात. १९६७ पर्यंत ती सरकारी बँकांनी गिळली. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अर्थव्यवस्था खुली केली, आखातात राबणाऱ्या इजिप्शियन मजुरांचा पैसा घरी येऊ लागला. परवानाधारक इस्लामी बँका थोड्या होत्या, पैसा मात्र अफाट. तो गेला अल-रय्यान आणि तिच्यासारख्या ‘इस्लामी’ गुंतवणूक कंपन्यांकडे. त्या बँका नव्हत्या, त्यांच्यावर बँक कायदा लागू नव्हता आणि त्या बँकांच्या जवळजवळ दुप्पट परतावा वाटत होत्या. १९८८ मध्ये सरकारनं कायदा करून हिशेब मागितले तेव्हा पत्त्यांचा बंगला कोसळला.

भारतानं १९९१ मध्ये बरीच दारं उघडली, हे उघडलं नाही. रघुराम राजन समितीनं २००८ च्या अहवालात बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या बार्शी शाखेत बिनव्याजी कर्जाची खिडकी उघडली आणि पहिल्या फेरीत डझनभर लोकांना मिळून अडीच लाख रुपये दिले. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. वित्तसेवा सगळ्या नागरिकांना समान उपलब्ध आहेत, हे कारण दिलं. जून २०१९ मध्ये बंगळुरूच्या शिवाजीनगर भागात आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी नावाच्या कंपनीला टाळं लागलं. ‘हलाल’ परताव्याच्या नावाखाली तिनं सुमारे चार हजार कोटी रुपये गोळा केल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. ती बँक नव्हती, त्यामुळे ठेव विम्याचा प्रश्नच नव्हता. हजारो लोक पोलिसांत तक्रार नोंदवायला रांगेत उभे राहिले.